मागं मी हाये

"पुढं बघा. मागं मी हाये."

सकाळी औंढ्याच्या रस्त्यावर पळताना आमच्यापैकी कुणी मान वळवली, की मागून हे वाक्य यायचं आणि पाठोपाठ दोन टाळ्या. दोन टाळ्या म्हणजे डबल बेल, गाडी चालू द्या. एक टाळी म्हणजे सिंगल, गाडी थांबवा. ज्या माणसानं उभं आयुष्य एसटीच्या मागच्या दाराशी काढलं, त्याला वेगळी भाषा कशाला लागते? आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात. रिटायर झाले तरी ते आमचे मास्तरच राहिले. त्यांना नाव होतं, पण ते कुणी वापरल्याचं मला आठवत नाही.

तुमच्याही गावात सकाळी पळणारी टोळी असेलच. एक शुगरवाला असतो, एक पोटवाला, आणि एक पळण्यापेक्षा मोबाईलमधले किलोमीटरच जास्त बघणारा. आमच्यातला शुगरवाला मी. माझा फोटो स्टुडिओ आहे. दिवसभर लोकांना 'हनुवटी वर घ्या' सांगता सांगता माझी स्वतःची हनुवटी कधी गळ्यात उतरली ते कळलंच नाही. डॉक्टरांनी कान उपटले तेव्हा बूट घेतले. मास्तर मात्र शुगरसाठी पळत नव्हते की पोटासाठी. ते पळायला लागले पोरीसाठी.

त्यांची पोरगी पोलीस भरतीची तयारी करून राहिली होती. भरतीच्या पोरी अंधार असतानाच रस्त्यावर येतात, कारण उजाडल्यावर घरचं काम असतं. पण रस्ता पडला ट्रकांचा, कुत्र्यांचा आणि नको त्या पोरांचा. एकटीला सोडायचं कसं? मास्तरांनी डेपोतली जुनी खाकी पँट चढवली, पायात कॅनव्हासचे बूट घातले आणि तिच्या मागं पळू लागले. ती पुढं, हे मागं. ती दमली की मागून दोन टाळ्या. पोरगी चिडायची. "पप्पा, लोक बघतेत." मास्तर म्हणायचे, बघू दे, फुकट प्रवास थोडाच आहे.

एकदा दोन पोरांनी मोटारसायकल हळू करून तिच्या बाजूनं चालवायला सुरुवात केली. मास्तर धावत पुढं गेले, हँडलवर हात ठेवला आणि शांतपणे विचारलं, "कुठं जायचं? तिकीट घेतलं का?" पोरं बावचळली. मास्तर म्हणाले, "न्हाई घेतलं? मग उतरा खाली." आणि खरंच उतरली हो! गाडी ढकलत गावापर्यंत चालत गेली. त्या दिवशी आम्ही त्या बापलेकीला आमच्या टोळीत घेतलं, किंवा त्यांनी आम्हाला घेतलं म्हणा.

मास्तर टोळीतही शेवटीच पळायचे. पायात जोर होता, ठरवलं असतं तर आमच्या सगळ्यांच्या पुढं गेले असते. पण कंडक्टर पुढं कसा जाईल? कोण मागं पडलं, कोणाचा बूट सुटला, सगळ्यांवर त्यांची नजर. सिंगल मात्र त्यांनी कधी दिली नाही. एकदा मी गुडघ्यावर आपटलो तरी नाही. मला उठवलं, झटकलं आणि दोन टाळ्या. मी कुरकुरलो, तर म्हणाले, "नोकरीत लई सिंगल मारल्या. प्रत्येक फाट्याला थांबलो. आता फकस्त डबल."

पहिल्या खेपेला पोरीची भरती हुकली. दुसऱ्या खेपेला ती लागली आणि ट्रेनिंगला दूर गेली. जाताना म्हणाली, पप्पा, आता सकाळी झोपत जा. आम्हालाही वाटलं, संपलं आता यांचं पळणं. दुसऱ्या दिवशी सकाळी मागून दोन टाळ्या आल्याच. जित्याची खोड, दुसरं काय!

मग आमच्या गावात मॅरेथॉन झाली. टी-शर्ट, केळी, पुढाऱ्यांची भाषणं, सगळा थाट. त्या शर्यतीत सगळ्यांत शेवटी कोण होतं, हे सांगायला नकोच. मी होतो, माझ्या मागं मास्तर आणि त्यांच्या मागं ॲम्ब्युलन्स. शेवटच्या माणसामागं ॲम्ब्युलन्स असतेच. पण मास्तरांना ती खपेना. आपल्या मागं गाडी म्हणजे काय! त्यांनी ड्रायव्हरला हात केला आणि सांगितलं, "तुमी व्हा पुढं. कुणी पडलं-बिडलं तर तिकडं लागंल. मागं मी हाये." ड्रायव्हर बिचारा गेला की पुढं. शर्यत संपल्यावर आम्ही मास्तरांच्या घरी पोहे खायला जमलो आणि हा किस्सा रंगवून सांगितला. सगळे हसून हसून बेजार झाले. वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. हातातली पोह्यांची कढई तशीच धरून त्यांनी विचारलं, "मग ह्यांच्या मागं कोण होतं?"

मास्तर म्हणाले, पोह्यात मीठ कमी आहे.

तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकायला लागली. काही दिवसांनी वहिनी स्टुडिओत आल्या. म्हणाल्या, पासपोर्ट साइज फोटो काढायचाय. पदर नीट केला, स्टुलावर बसल्या, मी लाईट लावला, तरी त्यांची नजर काही कॅमेऱ्याकडे येईना. मी म्हणालो, वहिनी, ताकाला येऊन भांडं काहून लपवता, बोला की. तेव्हा त्या बोलल्या. मास्तरांचा डावा खांदा दुखत होता. पळून आले की पायरीवर बसून राहायचे, घाम वाळेना. कधी आंघोळीला गेले की आतून पाण्याचा आवाजच येत नसे. दार वाजवलं तर म्हणायचे, आलो. त्या रोज खांद्याला तेल चोळत होत्या, पण दुखणं उतरत नव्हतं.

"भाऊजी, मला हे बराबर दिसून न्हाई राहिलं," वहिनी म्हणाल्या. "तुमचं ऐकतेत. तुमी सांगा."

मी सांगितलं. मास्तरांकडे उत्तर तयार होतं, आणि खोटं म्हणावं तर तसंही नाही. डावा खांदा म्हणजे पिशवीचा खांदा. चिल्लर भरलेली चामड्याची पिशवी वर्षानुवर्षं त्याच खांद्यावर लटकलेली. साऱ्या कंडक्टरांचा हा खांदा धरतो, हातात मुंग्या येतात, थंडीत जास्त. डेपोतल्या त्यांच्या जुन्या सोबत्यांना मी मुद्दाम विचारलं, तर तेही आपापले डावे खांदे चोळत म्हणाले, व्हय, हे आमचं सगळ्यांचंच दुखणं. झालं! सगळा डेपो एका बाजूला आणि एकट्या वहिनी दुसऱ्या बाजूला. दुखणं सगळ्यांचं असलं की त्याची भीती कुणालाच वाटत नाही. वहिनींना मात्र वाटत होती.

मी पुन्हा पुन्हा बोललो. नांदेडला जाऊन एकदा छाती तपासू, मी येतो सोबत, म्हणालो. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एक दिवस पळून झाल्यावर चहाच्या टपरीवर ते खरं बोलले.

"डाक्टर काय म्हणंल ते मला ठावं हाये. झोपून राहा म्हणंल. मग पोरीच्या परेडला कोण जाईल? परेड होऊ द्या. मग तुमी म्हणाल तिथं येतो."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. ट्रेनिंग संपलं की पोरी बँडवर कदम मिळवत साहेबांना सलामी देतात आणि आईबापांना बघायला बोलावतात. त्या दिवसासाठी मास्तरांनी नवा शर्ट शिवून ठेवला होता. पोरीला फोनवर सांगून ठेवलं होतं की मी मागच्याच रांगेत बसणार, तिथून सगळ्या दिसतात. हे सांगताना त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की मला त्यांचा रागही आला आणि गहिवरूनही आलं.

त्या थंडीत टाळ्या लांबून यायला लागल्या.

आधी त्या पाठीशी वाजायच्या. मग जरा मागून, मग पार मागच्या बाभळीपासून. धुकं असलं की मास्तर दिसायचे नाहीत, नुसत्या दोन टाळ्या यायच्या. आम्ही न ठरवताच हळू पळू लागलो. ते त्यांच्या लगेच लक्षात आलं. "काहून हळू? मी काय ओझं हाये का?" मग आम्ही पाळी लावून त्यांच्या मागं राहायचा प्रयत्न केला. कुणी मागं राहिलं की ते बुटाची नाडी बांधायला खाली बसत, आणि तो माणूस पुढं जाईपर्यंत उठत नसत. माणूस एवढा हट्टी असू नये हो. पुढं पळता पळता आमचे कान मागंच लागलेले असायचे. दोन टाळ्या आल्या की जीव भांड्यात पडायचा, आणि पुढच्या टाळ्या येईपर्यंत परत टांगणीला.

हळद शिजवायचे दिवस आले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतात वाफ उठायची, सगळीकडे तो उग्र वास. परेड आता तोंडावर आली होती. मी मनात म्हणत होतो, एवढे थोडे दिवस निघू दे, नागनाथा.

त्या सकाळी आम्ही पुलावरून परत फिरलो होतो. उजाडलं होतं. मागून टाळी वाजली.

एकच.

आम्ही दुसरीची वाट बघत दोन-चार पावलं तसेच पळालो. ती आलीच नाही. वळून पाहिलं तर मास्तर रस्त्याच्या कडेला मातीत बसले होते, उजव्या हातानं डावा खांदा घट्ट धरून. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आम्हाला मागं वळू दिलं होतं.

आम्ही धावत गेलो. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं आणि विचारलं, "सगळे आले का?"

मी म्हणालो, आले.

"मोजा."

मी बोटं दाखवत मोजलं, मोठ्यानं, सगळ्यांना. मग त्यांनी माझं मनगट धरलं. "पोरीला सांगू नका. परेड हाये."

हळदीची पोती घेऊन बाजाराला निघालेला एक पिकअप मिळाला. पोत्यांवर त्यांना निजवून हिंगोलीच्या दवाखान्यात आणलं. तिथं म्हणाले, नांदेडला हलवा, ताबडतोब. वहिनी घरच्या साडीत तशाच धावत आल्या. ॲम्ब्युलन्समध्ये मी पुढं ड्रायव्हरजवळ बसलो, वहिनी मागं त्यांच्यापाशी. कळमनुरी गेलं, बाळापूर गेलं. मी वळून वळून बघत होतो. वहिनी त्यांचा डावा खांदा चोळत होत्या. तेल नव्हतं, नुसत्या तळव्यानं. वारंगा फाट्यावर ट्रकांच्या गर्दीत गाडी अडली. सायरन नुसता ओरडत राहिला. गाडी सुटली तेव्हा दवाखान्यातून सोबत आलेल्या माणसानं वहिनींच्या हातावर हात ठेवला आणि आता राहू द्या म्हणाला. वहिनी तरी चोळतच राहिल्या.

पोरीला सांगावंच लागलं. ती आली, अग्नी तिनंच दिला. मग ओसरीवर भिंतीला टेकून बसली आणि आईला म्हणाली, मी आता परत जाणार नाही. तुला एकटीला टाकून कुठं जाऊ? नातेवाईक लगेच 'बरोबर आहे' म्हणत माना हलवायला लागले. वहिनी उठल्या, पोरीची बॅग आणून तिच्या पुढ्यात ठेवली.

"सिंगल त्यांची होती," वहिनी म्हणाल्या. "तुझी न्हाई. तू निघ."

पोरगी गेली.

परेडला वहिनींसोबत मी गेलो. फोटो काढायला म्हणून गेलो, पण खरं तर त्यांना एकटं कसं पाठवायचं? पुढच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. एका शिपायानं आदरानं आम्हाला तिकडं बोलावलं. वहिनी नाही म्हणाल्या आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. शेजारची खुर्ची त्यांनी कुणाला घेऊ दिली नाही, मलाही नाही. मी पलीकडे बसलो.

बँड सुरू झाला. पोरींच्या तुकड्या एकामागून एक आल्या. सगळ्या सारख्या, खाकीतल्या, ताठ. मी कॅमेऱ्यातून शोधत राहिलो, वहिनींना मात्र ती आधी दिसली. सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं, आईबाप उभे राहून नावं घेत होते. वहिनी हात मांडीवर ठेवून नुसत्या बघत होत्या. आमच्या पोरीची तुकडी समोरून गेली, पाठमोरी झाली, लोकांच्या टाळ्या ओसरल्या. तेव्हा वहिनींनी हात उचलले आणि दोनच टाळ्या वाजवल्या. हात परत मांडीवर ठेवले.

तेवढ्या लांब त्या पोरीला ऐकू आल्या की नाही, देव जाणे. मी कॅमेरा लावूनच होतो. तिनं मान वळवली नाही. ती पुढं बघत चालत होती.