शालनच्या आईनं हात धरला तेव्हा

परवा नातवाला ओव्याची धुरी दिली आणि त्या वासानं मला कोरेगावची माझी मैत्रीण शालन आठवली. तिच्या आईच्या बाळंतपणात त्यांच्या घरभर हाच वास असायचा.

कोयनेच्या भूकंपाच्या वर्षी आम्ही दुसरीत होतो. दोघींच्याही आया पोटुश्या होत्या. माझी आई म्हणायची, बाळ मिरजेच्या दवाखान्यातून आणतात. शालनच्या आईनं मात्र आमचे हात धरून आपल्या पोटावर ठेवले. आतून कशानं तरी ढुशी दिली.

"काकू, हे काय?"

"बाळ हाय. तूबी आईच्या पोटात अशीच हुतीस."

शालनला हे आधीच ठाऊक होतं. मला तिचा लय हेवा वाटला. घरी येऊन मी आईच्या पोटाला हात लावायला गेले, तर तिनं पदर ओढून घेतला.

"असलं करायचं न्हाई."

आईवरचा राग केव्हाच गेला. तिलाही कुणी काही सांगितलं नव्हतं. शालनचा हेवा मात्र अजून वाटतो. तिला तिचा भाऊ जन्मायच्या आधीच भेटला होता.