बिनरेघेची बाई

पेंटरच्या घरात रंगाचे डबे साठतात. तळाला बोटभर रंग, वर साय धरलेली. कामाचा नाही अन् फेकवतही नाही. किस्स्यांचं तसंच. बायको होती तोवर दोन्हींवर ओरडायची. आता ओरडायला कुणी नाही, म्हणून उघडून बसलोय.

मी चौथी नापास. पण माझी अक्षरं सगळ्या नांदेडनं वाचली. जोडीदार गफूर, बिलोलीचा. अक्षरं माझी, चित्रं त्याची. एका शिडीवर जन्म गेला, मधली दहा वर्षं सोडून. ते पुढं येईलच.

*

आमचं भांडण एकच. मी म्हणायचो, आधी काळी रेघ, मग रंग. गफूर रेघच काढायचा नाही! रंगात रंग मिसळून गाल करायचा, तांब्या करायचा, चहाची वाफ करायची. काळ्याचा डबा त्याच्या पेटीतच नसायचा.

मी म्हणायचो, "लाल तीन उन्हाळ्यात उडतो. बाकीचे त्याच्या मागं. मग राहतंय काय? ढेकूळ?"

तो म्हणायचा, "क्या रे नामदेव, बाईला काय तारेचं कंपाउंड असतंय का?"

*

भूकंपाच्या आधी किल्लारीकडं एका शाळेच्या भिंतीवर आम्ही सिमेंटची जाहिरात रंगवली होती. 'पिढ्यान्‌पिढ्या भक्कम!' अक्षरं हातभर उंच, माझी.

भूकंपानंतर चौथ्या दिवशी जीपनं गेलो. गाव आडवं. ती भिंत तेवढी उभी! अक्षरांच्या खाली मोकळी जागा होती, तिथं लोकांनी न सापडलेल्या माणसांची नावं कोळशानं लिहिलेली. कोळसा पुसत चालला होता.

गफूरनं माझ्याकडं हात केला. "काळा दे." जन्मात पहिल्यांदा!

दिवसभर तो नावं गिरवत बसला. एक म्हातारी आली अन् म्हणाली, "बाबा, माझ्या नातवाचं जरा मोठं काढ. लहान हाय. दिसायचा न्हाई."

*

त्यानंतर दोन वर्षांनी धर्माबादेत मिरचीच्या गोदामावर चहाची जाहिरात घेतली. गफूरनं बाई काढली, हातात कपबशी, बाई माणसाएवढी. तशी बाई त्यानं आधी कधी काढली नाही अन् नंतरही नाही. लोक थांबून तिच्या कपातला चहा बघायचे.

ईदला तो बिलोलीला गेला. मी एकटाच अक्षरं पुरी करून राहिलो होतो. लाल अक्षरांना काळी सावली दिली, ब्रशात काळा उरला. हात खाजला. बाईला डोक्यापासून टाचेपर्यंत रेघ मारून टाकली!

तो आला. बघितला. शिडी खांद्यावर टाकली.

"माझ्या बाईला बेडी घातलीस," एवढंच म्हणाला. दहा वर्षं बोलला नाही. शिडीपण दिली नाही.

*

माझी बायको गेली तेव्हा पोरानं श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. नवीनच निघालं होतं तेव्हा ते. फ्लेक्सवाल्यानं काळ्यासावळ्या बाईला अशी गोरी केली, की लातूरचे पाहुणे खाली उभे राहून मलाच विचारले, "कोण गेलं हो?"

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात शिडी वाजली. गफूर. कुणी बोलावलं नव्हतं. फ्लेक्सवर ऑईल पेंट बसत नाही. त्यानं बसवला! सावळा गाल, हनुवटीवरचं गोंदण, डोळ्याखालचं थकलेपण. रेघ कुठंच नाही.

खाली उतरला, ब्रश पुसला अन् म्हणाला, "आता रड."

*

ह्या उन्हाळ्यात लातूरचे बिरादार सर आले. कॉलेजात चित्रकला शिकवतात. जाडजूड पुस्तक आणलं होतं, सव्वाशे वर्षांपूर्वीच्या परदेशातल्या जाहिरातींचं. दारू, सायकल, दिव्याचं तेल, बिस्किटं. सर विचारले, "काका, ह्यांच्यात काय फरक दिसतोय?"

न दिसायला काय झालं? एकाची बाई भुईला टेकतच नव्हती. लाल-पिवळ्यात उडून राहिली होती, रेघ नावाला. दुसऱ्याची रेघ जाड काळी, रंग सपाट, तोंडं कुरूप पण खरी. तिसऱ्यानं बाईच्या केसांचे वेल करून पानभर सोडले होते. त्याला बहुतेक फुटावर मजुरी असावी!

मी म्हणालो, "दुसरा आपला माणूस. पहिला ह्या गफूरचा चुलता!"

गफूर पुस्तक नाकाला लावून बघत होता. त्याला काचबिंदू. डॉक्टरनं सांगितलंय, गेलेली नजर येत नाही, राहिलेली पण जाणार. जे बघायचं ते लवकर बघून घ्या.

सर म्हणाले, "हे सगळं कागदावरचं. भिंतीला डकवायचे, पावसात जायचं. शौकीन लोक ओलं असतानाच सोलून घरी न्यायचे, म्हणून एवढं तरी राहिलं."

गफूरनं पुस्तक मिटलं. "आमच्या भिंती कोण घरी नेणार, सर?"

*

मग त्यानं एकच धरलं. नजर जायच्या आत आपलं एक तरी चित्र बघायचं. नांदेडातल्या भिंतींना टाईल्स लागल्या. बिलोलीतल्याला प्लास्टर झालं. शाळेची ती भिंत पाडली. राहिली एक. तिचं नाव मी काढत नव्हतो.

"धर्माबादला ने," तोच म्हणाला.

बसनं गेलो. गोदाम होतं. उत्तरेची भिंत, वर पत्रा, म्हणून वाचलेली. माझी लाल अक्षरं साफ गेली होती, नुसती काळी सावली उरलेली. त्याची बाई पण गेली होती. गाल नाही, वाफ नाही, चहा नाही. पांढरा चुना अन् त्यावर माझी काळी रेघ तेवढी.

गफूर भिंतीला चिकटून उभा राहिला. "हाय का?"

"हाय."

"रंग?"

जन्मात मी त्याच्या चित्राला बरं म्हणालो नव्हतो. म्हणालो, "जसाच्या तसा! साडी तर लालभडक, काल नेसवल्यासारखी."

त्यानं नाक भिंतीला टेकवलं.

"तीस वर्षांनी लाल?" मग म्हणाला. "आणि मी हिरवी नेसवली होती."

त्याचं बोट चुन्यावरून फिरत फिरत रेघेला लागलं अन् थांबलं. मग कपाळापासून निघालं. खांदा, कोपर, कपबशी, पदर. वाकून टाचेपर्यंत गेला.

"रेघ लई जाड मारलीस," म्हणाला. अन् परत कपाळापासून सुरू केलं.