कोरा ठेवलेला फळा

अमरावतीच्या फुलबाजारात दाराशी एक काळा फळा आहे. बडनेऱ्याजवळच्या आमच्या मळ्यातला झेंडू आणि शेवंती घेऊन मी तिथे बसायला लागलो, तेव्हापासून तो माझ्याकडेच आहे. अक्षर बरं होतं आणि मिरवायची हौस त्याहून बरी. फुलांचा हर्रास, म्हणजे लिलाव, किती वाजता, कोण वारलं, बाजार कधी बंद, सगळं मीच लिहायचो. देशात कुठे बॉम्ब फुटला की बाजारातर्फे निषेधही मीच लिहायचो. मजकूर पाठ होता, गावाचं नाव तेवढं बदलायचो.

माझ्या शेजारच्या ओट्यावर एक बाई हार ओवत बसायची. नवरा लवकर गेला, मुलगा तिने त्या सुईदोऱ्यावरच वाढवला. मोठा होऊन तो एका यात्रा कंपनीत स्वयंपाकी झाला. मागच्या वर्षी परराज्यातल्या एका बसस्थानकाबाहेर बॉम्ब फुटला, त्यात तो गेला. चाळीस माणसांच्या चहासाठी दूध आणायला खाली उतरला होता.

बातमी आली तेव्हा मी रडलो, आणि डोळे पुसून फळ्यावर तोच मजकूर लिहिला. 'अशा भ्याड कृत्यांनी काहीही साध्य होत नाही. व्यापार बुडतो, देशाची बदनामी होते, गावोगावची शांतता बिघडते.' त्यात खोटं काही नव्हतं. शहरात संचारबंदी लागली की फुलांच्या ढिगाला कसला वास सुटतो, ते मला ठाऊक आहे. खाली त्याचं नाव लिहिलं, भोवती चौकट काढली. चार जणांनी छान लिहिलं म्हटलं आणि मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

तेरवी आटोपून ती ओट्यावर परतली, तेव्हाही मजकूर तसाच होता. तो पुसायला कुणाचा हात धजला नव्हता. तिला वाचता येत नसे. काय लिहिलंय ते वाचून दाखवा म्हणाली, म्हणून मी वाचलं, जरा आवाज लावूनच. ती सुई हातात धरून ऐकत राहिली.

"अन् साध्य झालं असतं तं?" तिने विचारलं. "त्याईचं काम झालं असतं, बाजारबी चालू राह्यला असता, तं माह्यं पोरगं मेलं ते चाललं असतं काय, भाऊ?"

मला आधी रागच आला. निषेध असाच लिहितात, कलेक्टर कचेरीतही असाच जातो, असं काहीबाही मी बोललो. ती वाद घालणारी बाई नव्हतीच. खाली बघून तिने मला एका जुन्या सकाळची आठवण करून दिली. आपण ज्याला शत्रू म्हणतो त्या देशात, एका भाजीबाजारात बॉम्ब फुटला होता. त्या दिवशी मी फळा कोरा ठेवला. शिवाय चहा पिताना म्हणालो होतो की बरं झालं, आता येतील वठणीवर, आपल्या फायद्याचंच आहे. ती तेव्हा तिथेच होती. आमच्यातलाच चहा पीत होती.

"मलेबी तवा बरंच वाटलं होतं," ती म्हणाली. "पन तिथंबी कोनी दूध आनाले गेलं असन."

इतकी वर्षं मी निषेध लिहिले, आणि मेलेल्या माणसाबद्दल त्यात एक ओळ नव्हती. नफ्यातोट्याचीच भाषा होती सगळी. मग जिथे आपला तोटा नव्हता तिथे माझा खडू उचललाच गेला नाही. याची लाज मला अजून वाटते, झोपेतूनही उठवते.

मी ओलं पोतं घेऊन फळा पुसला. बराच वेळ काही सुचेना. शेवटी लिहिलं, 'चहासाठी दूध आणायला गेलेल्या माणसाला मारलं. कशासाठीही मारलं असतं तरी ते वाईटच.' बाजारातल्या एकाने विचारलं, एवढंच? मी म्हटलं, एवढंच.

तिने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग गाव कोणतं लिहिलं, असं विचारलं.

मी म्हणालो, या खेपेला गाव लिहिलंच नाही. तिने मान हलवली आणि अर्धा राहिलेला हार पुढे ओवायला घेतला.