दोन दारांची गाडी

माझ्या नवऱ्याला साठीच्या उंबरठ्यावर मसल कार घ्यायची होती. रस्त्याने येताना आधी जिचा आवाज येतो आणि मग ती दिसते, तसली. ज्या माणसाने आयुष्यभर पिवळा सिग्नल दिसला की ब्रेक मारला, विनिपेगमध्ये पहिला बर्फ पडायच्या आत विंटर टायर्स चढवले आणि लेक गाडी शिकत होती तेव्हा बाजूला बसून रामरक्षा म्हटली, त्या माणसाला! मी म्हटलं, "तुझं डोकं फिरलंय का?" तो म्हणाला, "बघून तर येऊ."

हॅलिफॅक्सला असलेल्या लेकीला फोनवर सांगितलं, तर ती हसत सुटली. "आई, इट्स अ मिडलाइफ क्रायसिस. लेट हिम हॅव इट."

"मिडलाइफ कसली? तुझा बाबा काय सव्वाशे वर्षं जगणारे?"

खरं तर माझा राग गाडीवर नव्हताच. आदल्या जानेवारीत माझे सासरे गेले आणि हा रडला नाही, याचा तो राग होता. आम्ही त्यांना कॅनडात आणल्यापासून ते आमच्याच घरी होते. शेवटचं वर्ष तर दोघांनी मिळून त्यांचं सगळं केलं. अंत्यसंस्कार आटोपून परत येतानाही हा स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून, प्रत्येक वळणावर नीट सिग्नल देत गाडी चालवत होता. मी मागे बसून हुंदके देत होते आणि माझ्यासमोर त्याची सरळ, ताठ मान होती. स्वतःचा बाप गेला तरी डोळ्यांत पाणी नाही, म्हणजे माणूस आतून आटला असणार, असं मी मनाशी धरून बसले. घरात बोलणं होतंच, पण दूध संपलंय, ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायचाय, एवढ्यापुरतं.

मी मागे का, तर आमच्या मिनिव्हॅनमध्ये माझी जागा मागेच होती. सासऱ्यांचा गुडघा वाकत नसे, म्हणून पुढची सीट त्यांची. ती पार मागे ढकललेली असायची, त्यामुळे मी बरोबर ड्रायव्हरच्या मागे. गुडघा ठणठणीत असता तरी पुढे तेच बसले असते. घरातलं मोठं माणूस मागे आणि सून पुढे, हे आमच्याकडे कुणाला सुचलंच नसतं, मलाही नाही. त्यांच्या पाठीला टेकायला मी चौकड्याच्या कापडाची एक उशी शिवली होती, नागपूरहून आणलेला कापूस भरून. ती कायम त्या सीटवर असे. एवढ्या वर्षांत मी नवऱ्याला गाडीत पाहिलं ते मागूनच. त्याचे केस पिकले ते मला आधी मानेवर दिसले.

सासरे गेल्यावर उशी तिथेच राहिली. ती त्यानेही उचलली नाही, मीही नाही. आणि ती होती म्हणून मी मागेच बसत राहिले. पुढची सीट रिकामी, हा एकटा पुढे, मी मागे. शेजारच्या बाईने एकदा विचारलंसुद्धा, "तो हल्ली टॅक्सी चालवतो का?" आम्ही दोघंही हसलो, आणि पुढच्या रविवारी ग्रोसरीला निघताना मी पुन्हा मागचंच दार सरकवलं.

तर मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही शहराबाहेरच्या सेकंडहँड गाड्यांच्या लॉटवर गेलो. तिथे त्याला हव्या तसल्या तीन गाड्या उभ्या होत्या, चॅलेंजर, कॅमरो आणि मस्टँग. सेल्समन पंजाबी होता, बोलायला गोड. टेस्ट ड्राइव्हला तो पुढे बसणार म्हणाला, म्हणजे मी आपोआप मागे. या गाड्यांना मागे दार नसतं. पुढची सीट दुमडायची आणि त्या फटीतून अंग चोरून आत शिरायचं. माझ्या वयाला आणि आकाराला हा व्यायाम बरा नव्हे.

चॅलेंजर मला आवडली. सीट अशी की सोफ्यावर बसल्यासारखं वाटावं, खड्डे पोटात घालणारी, आणि मागेही पाय सोडून बसता येईल एवढी जागा. वळणावर मात्र म्हशीसारखी विचार करून वळे. उतरल्यावर मी म्हटलं, "हीच घे. आरामशीर आहे."

"मागची सीट फार मोठी आहे," तो इंग्रजीतच म्हणाला.

मी आणि सेल्समन दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो. मागची सीट मोठी हा गाडीचा दोष असल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

कॅमरो वळायला तरबेज, रस्त्याला चिकटून चालणारी. नवरा खुशीत दिसला. पण मागे माझे गुडघे हनुवटीला टेकले होते आणि इवल्याशा खिडकीतून फक्त आभाळ दिसत होतं. थांबल्यावर सेल्समनने हाताला धरून मला ओढून काढलं.

मस्टँग दिसायला तिघींत उजवी. गर्द निळी, नाकीडोळी नीटस. सीट चॅलेंजरइतकी मऊ नाही, वळण कॅमरोइतकं चपळ नाही, पण दोन्ही बाबतींत तक्रारीला जागा नव्हती. या खेपेला सेल्समनने किल्लीच हातात दिली. "अंकलजी, आप दोनों हो आइए."

आणि मी काय करावं? पुढची सीट दुमडली आणि मागे जाऊन बसले.

"आंटीजी, आप आगे बैठिए ना!" तो बिचारा गोंधळून म्हणाला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. पण आता पुन्हा त्या फटीतून बाहेर कोण येणार? मी म्हटलं, "ठीक है, ठीक है." नवऱ्याने गाडी काढली. हायवेवर जायच्या आधी त्याने एका कॉफीच्या दुकानासमोर गाडी थांबवली. मागे न वळताच म्हणाला, "पुढे ये ना."

"बसलेय ती बरी आहे. चल तू."

त्याचे कान लाल झालेले मला मागून दिसले. गाडी बघायला आलोय आणि बायको घोळ घालतेय, म्हणून चिडला असेल, असं वाटलं. घरी जेवताना मीच विषय काढला.

"निळी छान आहे. पण हिवाळाभर गॅरेजमध्ये उभी राहणार."

"तेव्हा तुझी छोटी गाडी आहेच की."

"आणि मागे कोण बसणार?"

"कुणी नाही," तो म्हणाला. "कुणी बसू नये म्हणूनच."

दोन दारं का हवीत, ते मला तेव्हा कळलं. पुढची सीट रिकामी ठेवायला त्याच्यात आता बळ नव्हतं, आणि ती उशी उचलायलाही नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "मग ती निळीच घे."

व्हॅन देऊन गाडी आणायला गेलो, तेव्हा मी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि चाकांखाली लिंबं ठेवली. सेल्समन हात जोडून उभा राहिला. नवऱ्याने व्हॅनमधलं सामान हलवलं, बर्फ झाडायचा ब्रश, ब्लँकेट, जंपर केबल्स. शेवटी उशी हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. कुठे ठेवावी, त्याला कळेना.

मी ती त्याच्या हातातून घेतली. सीट दुमडली आणि उशी मागे टेकवून ठेवली. "बाबा, तुमचा गुडघा आता दुखत नाही," मी म्हटलं. "तुम्ही मागे बसा." सीट सरळ केली आणि पुढे बसले.

लिंबं फुटली, गाडी गुरगुरत रस्त्यावर आली. पहिल्या सिग्नलला थांबल्यावर त्याला काहीतरी सांगायचं म्हणून मी बाजूला वळले. त्याची मान नेहमीसारखीच ताठ होती, हात स्टिअरिंगवर. आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. सवयीचं असावं तसं, आवाज न करता.

"अरे, कधीपासून?"

"बाबा गेल्यापासून. गाडीत बसलो की होतं." त्याने बाहीने गाल पुसला. "मागून दिसत नाही."

सिग्नल हिरवा झाला. तो हलला नाही. मागच्याने हॉर्न दिला, मी पर्समधून रुमाल काढला आणि हात लांब न करताच त्याचे डोळे पुसले.