दुधात न बुडवलेले हात

जे सांगतोय ते माझ्या बायकोला माहीत नाही, दादाला माहीत नाही. बातमीदारीच्या इतक्या वर्षांत कुठल्याही ओळीत मी ते येऊ दिलं नाही. वाचणारे तुम्ही पहिले. सहानुभूती नको — आधीच सांगतो.

मिरची, वांगी, टोमॅटो, बटाटा, तंबाखू आणि बांधावरचा धोतरा ही एकाच कुळातली झाडं. काही आपण जेवतो, काहींनी माणूस मरतो. एकाचा रोग दुसऱ्याला लागतो. तंबाखूच्या पानातला विषाणू पान सुकून पुडीत गेलं तरी टिकतो; तंबाखू मळलेल्या बोटांनी मिरचीचं रोप धरलं की रोपात शिरतो. हे मला माहीत नव्हतं का? मीच त्यावर अर्धा कॉलम लिहिला होता.

घिवलीला दादाची मिरचीची वाडी आहे. लागणीच्या दिवसांत त्याचा नियम कडक — तंबाखूची पुडी फाटकाबाहेर, हात साबणाने धुवायचे आणि मग दूध घातलेल्या पाण्यात बुडवायचे. दुधाने हा विषाणू थोपवता येतो. जव्हारकडून नवऱ्याबरोबर कामाला आलेली देवकी बादलीकडे बघून म्हणाली, "मिरचीला दूध, नि आमच्या पोरांना कोरा चा! पुढच्या जन्मी मिरचीच होईन मी." दादासुद्धा हसला. तिने पुडी फाटकाच्या खांबावर ठेवली, हात बुडवले. मी पाहिलं. लागणीला मदत करायला आलो होतो, मीही बुडवले.

तोंडात पांढरा चट्टा उठला तेव्हापासून मी तंबाखू सोडल्याचं घरात जाहीर होतं. सोडली होती? नाही. दुपारी पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागे गेलो, चुना लावून मळली, दाढेखाली ठेवली, हात रुमालाला पुसले. बादली फाटकाजवळ होती आणि फाटकाजवळ दादा. पुन्हा हात का धुतोस, असं त्याने विचारलं असतं — म्हणून गेलो नाही. सरळ देवकीच्या शेजारच्या सरीत वाकलो आणि रोपं लावू लागलो.

काही दिवसांनी पानं चितकबरी झाली, आकसली. सुरुवात आमच्या दोन सऱ्यांपासून. दादाने रोपं उपटून जाळली आणि देवकीला समोर उभं केलं. नवरा तिच्या मागे, मान खाली घालून.

"मी नाय खाल्ली, शेट. पुडी खांबावर होती. या भाऊंना इचारा, बाजूलाच होते."

दादा माझ्याकडे वळला. "बोल रे पत्रकार. हिने आत खाल्ली?"

मी अडखळलो असेन, असं वाटतं तुम्हाला? नाही. खातरजमा झालेली बातमी सांगावी तशा आवाजात म्हणालो, "हो. मी पाहिलं."

"तुमी बगितला?" तिने एवढंच विचारलं.

दोघं त्याच दिवशी गेली. आजूबाजूच्या वाड्यांनीही त्यांना घेतलं नाही. दादाने फोन करून सगळ्यांना सावध केलं होतं. पुढे ती बोईसरला इमारतीच्या कामावर विटा वाहते, असं कानावर आलं. मी पालघरला राहतो. बोईसर किती लांब आहे? गेलो नाही.

कुणी जाणकार म्हणेल, हा रोग बियाण्यातूनही येतो, कदाचित तुझ्या हातून आलाच नसेल. ही सूट मला नको. रोग कुठून आला ते आता सिद्ध होणार नाही. खोटं कुठून आलं ते मला पक्कं माहीत आहे. भावाचा धाक होता, असंही म्हणू नका. धाक नव्हता. दादाच्या नजरेत मला शहाणा राहायचं होतं, आणि त्यासाठी एका बाईचं काम गेलं तर जाऊ दे, हे मी ठरवलं — शुद्धीत, भर दुपारी.

हा मजकूर दादा वाचेल. चहा पिताना तो अंकात आधी माझं नाव शोधतो. शोधू दे. वाडीचं फाटक मला बंद करायचं तर करू दे. या वर्षीही लागणीला माणसं बोलावताना वाड्यांवर कुणीतरी म्हणेल, ती जव्हारची रोगवाली नको. तेव्हा माझं नाव घ्या. देवकीने आत तंबाखू खाल्ली नव्हती. मी खाल्ली होती.