बायकाकीची चौकशी

बायकाकी जेवायला बसलेल्या कुठल्याही पाहुण्याला पगार विचारायची. आधी भात वाढायची, मग कालवणाची पळी ताटावर धरून म्हणायची, “तुमका पगार किती गावता?” पुण्या-मुंबईची माणसं दचकायची. कुणी हसून टाळायचं, कुणी खरं सांगून टाकायचं. आकडा मोठा असला तरी तिला त्याचं कौतुक नसे. “आनि त्यातलो उरता किती?” हा तिचा पुढचा प्रश्न. पण रागावून कुणी उठलं नाही. तिच्या हातचं सुरमईचं कालवण सोडून उठणार कोण?

ती माझी थोरली काकी. काका गेल्यावर तिने आचऱ्यात समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घराच्या पडवीतच खानावळ काढली होती. मला बारावीनंतर गणित घेऊन बी.एस्सी. करायचं होतं आणि बाबांचा जीव इंजिनियरिंगवर. मुंबईजवळच्या एका खाजगी कॉलेजात जागा मिळेल असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. फीसाठी कर्ज काढायचं आणि हापूसची कलमं काही वर्षांसाठी व्यापाऱ्याला कराराने द्यायची, असा त्यांचा बेत. कलमं दोन्ही घरांची सामायिक, म्हणून बाबा काकीची संमती घ्यायला गेले. मी मागोमाग, डोळे पुसत.

काकी बांगडे साफ करत होती. दोघांचं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, “इंजिनियर काय करता ता माका म्हायत आसा. गणितवालो काय करता गो?”

मला धड सांगता येईना. “गणित सगळीकडे लागतं,” असं काहीतरी पुटपुटले.

“मगे इचारूया. हयसर रोज माणसा येतत.”

मे महिन्याचे दिवस, पडवी पाहुण्यांनी भरलेली. पगाराच्या जोडीला आता नवा प्रश्न आला, “तुमच्यात गणित शिकलेला कोण आसा?” एक प्राध्यापक निघाले, कित्येक वर्षं कंत्राटावरच शिकवणारे. त्यांचा पगार ऐकून काकीने त्यांना आणखी एक तळलेली तुकडी वाढली आणि तिचे पैसे लावले नाहीत. एक तरुण गणितात एम.एस्सी. करून, स्पर्धा परीक्षा देऊन सरकारी कचेरीत लागलेला. “थयसर गणित लागता?” “नाही हो.” “मगे शिकलात कित्याक?” तो बिचारा आणखी सोलकढी मागू लागला. मग एक बाई आल्या, विमा कंपनीतल्या. कुणाकडून किती हप्ता घ्यायचा हे गणितावर ठरतं, त्यासाठी परीक्षांमागून परीक्षा द्याव्या लागतात आणि सुरुवातीची वर्षं ओढाताणीची जातात, असं त्यांनी सांगितलं. काकी बोलत बोलत त्यांच्या गाडीपर्यंत गेली. इंजिनियर तर ढिगाने भेटले. त्यांतले काही मजेत होते, काही अजून शिक्षणाचं कर्ज फेडत होते.

मधेच तिने माझीही परीक्षा घेतली. एका मोठ्या कुटुंबाचं बिल मला करायला सांगितलं आणि मी बेरीज चुकले, तीही आमच्याच नुकसानीची. पाहुण्यांनीच चूक दाखवली. “ह्या तुझा गणित?” काकी म्हणाली. मी चिडून सांगितलं, की पुढच्या गणितात बेरजा नसतातच. मग मूळ संख्या कधीच का संपत नाहीत, ते तिला समजावायला बसले. ती नारळ खवत शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, “माका कायएक कळूक नाय. पण इतको वेळ तू मोबाईल हातात घेवक नाय.”

पाऊस जवळ आला, पाहुणे आटले, तेव्हा तिने बाबांना बोलावलं.

“सदा, गणितात पगाराची खात्री नाय, ता खरा. पण ती इंजिनियरिंगातय नाय. गणिताक खर्च कमी. नाय जमला तर कलमा तरी आपली ऱ्हवतली.” मग माझ्याकडे वळली. “आनि तू कंप्युटर शिकतलंस. ती इम्याची बाई म्हणाली, नुसत्या गणिताक कोण इचारणा नाय.”

“वयनी, लोक काय म्हणतले?”

“लोक फी भरतत?”

मी जिल्ह्यातच बी.एस्सी. केलं, पुण्यात एम.एस्सी. केलं, आणि मग खरंच ओढाताणीची वर्षं आली. शिकवण्या, चौघींत एक खोली, विम्याच्या परीक्षांत नापास. माझा इंजिनियर मावसभाऊ तोवर गाडी घेऊन गावी आला. बाबा फोनवर त्या गाडीचंच सांगायचे. काकी मात्र एवढंच विचारायची, “उपाशी ऱ्हवतंस काय?” नाही म्हटलं, की म्हणायची, “मगे चालू आसा.” हळूहळू परीक्षा सुटत गेल्या आणि एका विमा कंपनीत नोकरी लागली. काकीने खानावळीत आलेल्या सगळ्यांना त्या दिवशी खीर वाढली. कशाबद्दल, ते तिला कुणाला नीट समजावता आलं नाही म्हणे. “आमच्या चेडवाक गणित गावला,” असं माझ्याबद्दल सांगत होती.

काकी गेल्या वर्षी गेली. बारावं करून मी पुण्याला परतले आणि काही दिवसांनी आचऱ्याच्या एका मुलीचा फोन आला. गणित घ्यावं की नाही, विचारत होती. मी तिला नापास झाल्याचं, पैसे पुरत नव्हते त्या दिवसांचं, सगळं आधी सांगितलं. मला वाटलं, घाबरली.

“ताई,” ती म्हणाली, “तुमचो नंबर माका बायकाकीन दिल्यान. म्हणाली, ता आधी सगळा वायट सांगतला, पण तू फोन ठेवू नको.”

मी खुर्ची ओढून नीट बसले. म्हटलं, “इचार.”