पांढऱ्या शिंगराचे पेढे

घोडा विकत घ्यायला गेलो की मी आधी घोड्याकडे बघतच नाही. मालकाबरोबर चहा घेतो, त्याच्या गावाची चौकशी करतो आणि उठता उठता सहज विचारतो, "मागचा उजवा पाय जरा जड पडतो का हो?" पाय चांगला असतो. ते मलाही माहीत असतं. पण मालकाचा तोरा उतरतो आणि पुढचं बोलणं सोपं जातं.

वरातीच्या घोड्यांचा धंदा मी असाच उभा केला. ठाण्यात आलेलो तेव्हा दुसऱ्याच्या घोडीचा लगाम धरून नवरदेवापुढे चालायचो. आज कोलशेतला खाडीच्या बाजूला माझा तबेला आहे, वर्तकनगरला घर आहे. फुकट मला कुणी काही दिलेलं नाही. म्हणून असेल, पण कुणी कशातही खोट काढली की माझ्या मनात पहिला विचार हाच येतो की हा भाव पाडतोय.

काही वर्षांपूर्वी मी एका व्यापाऱ्याकडून अबलख घोडी घेतली. तांबडी, अंगावर मोठे पांढरे पट्टे, चालायला लागली की रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. व्यापाऱ्याला मी नेहमीप्रमाणे पायाचं विचारलं आणि हव्या त्या भावात तिला घेऊन आलो. पुढे तशाच पट्ट्यांचा एक घोडा बघून त्याच्याकडून ती गाभण करून घेतली. शिंगरू झालं ते शुभ्र पांढरं, एक काळा केस नाही. वरातीला लोक पांढराच घोडा मागतात. मला वाटलं, नशीब उघडलं. तबेल्याच्या गल्लीत पेढे वाटले, समोरच्या टॉवरच्या वॉचमनलासुद्धा बोलावून दिले.

दुपारपर्यंत शिंगरू दूध पीत होतं. मग ते आडवं झालं आणि पोटावर पाय झाडायला लागलं. माजिवड्याहून डॉक्टर आले. त्यांनी पोट दाबून बघितलं, शेपटीखाली बघितलं आणि विचारलं, "आई-बाप दोघं अबलख का?" मी अभिमानाने हो म्हणालो. ते म्हणाले, "याच्या आतड्यात नसाच तयार झालेल्या नाहीत. पोटात गेलेलं पुढे सरकणार नाही. इलाज नाही. त्याचे हाल करू नका."

संध्याकाळी त्याला इंजेक्शन देऊन मोकळं केलं. दुसऱ्या दिवशीही माणसं बघायला येत होती. "कुठंय तुमचा राजहंस?" असं कुणी विचारलं की मी पाण्याची बादली उचलून दुसरीकडे जायचो.

व्यापाऱ्याला फोन लावून शिव्या घातल्या. घोडीत हा दोष आहे हे त्याला माहीत होतं, आधी एकदा असंच शिंगरू गेलेलं, हे त्यानेच कबूल केलं. तो शांतपणे म्हणाला, "शेठ, तुम्ही पायाचं विचारलंत, मी पायाचं सांगितलं. दुसरं तुम्ही विचारलंत कुठे?"

ते वाक्य मी आजपर्यंत विसरलेलो नाही. तबेल्यात येणाऱ्या प्रत्येकाला मी हा किस्सा ऐकवला आहे. शेवट ठरलेला असायचा, की माहीत असून जो सांगत नाही तो माणूसच नाही.

पुढे घोडीची नोंद करायला गेलो तेव्हा जातीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने तिचे आयाळीचे केस मुळासकट मागवले. ते तपासून फोनवरून कळवलं की ती त्या दोषाची वाहक आहे. मी फोनवरच भडकलो. "माझ्या घोडीला बट्टा लावता?" पलीकडची बाई न चिडता म्हणाली, "बट्टा नाही हो काका. वाहक घोडी आजारी नसते. ती चालेल, धावेल, तिला पोरंही होतील. फक्त घोडा साफ बघायचा. दोघं वाहक असतील तर आम्ही शिंगराची नोंद घेत नाही. एक साफ असला की तसं शिंगरू होत नाही."

तेव्हापासून दुसऱ्याने आपल्या घोड्याच्या केसांच्या तपासणीचा कागद दाखवल्याशिवाय मी माझी घोडी त्या घोड्याजवळ नेली नाही. हा नियम मला तोंडपाठ होता. नवीन तबेलेवाल्यांना तो मी समजावून सांगायचो, आणि तेही मोठ्या आवाजात.

गेल्या वर्षी मुलीने सांगितलं की तिला ऑफिसातल्या एका मुलाशी लग्न करायचंय. मुलगा डोंबिवलीचा, वडील बँकेतून निवृत्त, आई शाळेच्या ऑफिसात. मला नाव ठेवायला जागा सापडली नाही. एका रविवारी ते तिघं आमच्याकडे बोलणी करायला आले. चहा झाला, गावं विचारून झाली. हॉलचा खर्च कोण करणार हा विषय कधी निघतो याची मी वाट बघत होतो. त्यासाठी मनात दोन-तीन डाव तयार होते.

मुलाच्या आईने कप खाली ठेवला आणि जरा अडखळत म्हणाली, "एक बोलायचं होतं. लग्नाआधी रक्ताची एक तपासणी असते ना, थॅलेसेमियाची. तर तुमच्या मुलीची..."

मला एकच ऐकू आलं. मागचा उजवा पाय.

"थांबा ताई," मी म्हणालो. "माझी पोरगी मी बाजारात उभी केलेली नाही. हुंडा मागता येत नाही म्हणून आता रक्तात खोट काढायला लागलात काय?"

"अहो!" बायको म्हणाली.

"तू गप्प बस. मी असले सौदे आयुष्यभर केलेत. मला शिकवू नका कुणी."

मुलाचे वडील उठून उभे राहिले. आई मात्र तशीच बसून होती. तिचं तोंड वाक्याच्या मध्येच थांबल्यासारखं दिसत होतं. मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, खोट माझ्यात आहे. मी मायनर आहे, म्हणजे वाहक. मला स्वतःला त्रास नाही. पण दोघंही वाहक असले तर मुलाला मोठा आजार होऊ शकतो, जन्मभर रक्त चढवावं लागतं. आई तेच सांगणार होती."

पुढचं वाक्य त्याने सांगायची गरज नव्हती. एक साफ असला की तसं होत नाही. ते मी कितीजणांना ऐकवलेलं.

इथे खरं लिहायला हवं. मला त्या क्षणी लाज वाटली नाही. पहिला विचार आला तो असा, की आता पारडं आपल्याकडे झुकलं, हॉल त्यांच्या गळ्यात. लाज त्याच्या मागून आली, आणि ती त्या विचाराचीही होती.

मुलगी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेली. परत आली ती दारातच उभी राहिली.

"माझी तपासणी झालीय पप्पा. आम्ही दोघांनी बरोबर केली. मी साफ आहे. त्याची आई म्हणाली, आपल्या मुलाचं आपण आपल्या तोंडाने मुलीच्या वडिलांना सांगायचं. लपवून सोयरीक नको. त्यासाठी आलेले ते."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ते भावात धरलं असतं. हॉलचा खर्च त्यांच्यावर टाकला असता."

मला राग यायला हवा होता. नेहमी येतो. या वेळी आला नाही. बायको कप गोळा करत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. तिलाही आधीपासून माहीत होतं, हे तिच्या पाठीवरूनच कळलं. घरात एकट्या मलाच कुणी काही सांगितलं नव्हतं. त्या व्यापाऱ्याने सांगितलं नाही म्हणून मी त्याला जगभर बदनाम केलं. आणि माझी पोरगी मला सांगायला घाबरत होती.

"हे मोडलं ना पप्पा," ती म्हणाली, "तर मी तुम्हाला काही बोलणार नाही. पण त्यानंतर तुमच्याशी कधीच काही बोलणार नाही."

दुसऱ्या रविवारी आम्ही नवरा-बायको डोंबिवलीला गेलो. रिक्षात मी माफीची वाक्यं जुळवत होतो. मुलाच्या वडिलांनी दार उघडलं. "या" म्हणाले, पण हसले नाहीत. बसल्यावर जुळवलेलं एकही वाक्य मला आठवेना. मग मला येतं तेच बोललो. घोडीचं सांगितलं. पांढरं शिंगरू, पेढे, इंजेक्शन, व्यापाऱ्याचं उत्तर, केसांची तपासणी, फोनवरची बाई आणि तिचा नियम, सगळं.

मुलाच्या आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं."

"हो."

"तरी?"

"तरी."

मग ती म्हणाली, "माझ्या बहिणीचा मुलगा याच आजाराने गेला. लग्नाआधी तिला कुणी काही विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. म्हणून मी ठरवलेलं, माझ्या घरात आधी बोलायचं. समोरचा काय म्हणेल ते म्हणेल."

मी मान खाली घालून म्हणालो, "हॉलचा सगळा खर्च मी करतो."

"बघा, परत सुरू!" मुलाचे वडील म्हणाले. "अर्धा आमचा, अर्धा तुमचा. यात घासाघीस नको." मी तोंड उघडलं तर बायकोने माझ्या दंडाला चिमटा काढला.

मुलगा म्हणाला, "काका, माझी एकच अट आहे. मी घोडीवर बसणार नाही. भीती वाटते."

सगळे हसले. मीही हसलो, पण उशिरा.

लग्न झालं, तेही घोडीशिवाय. कोलशेतच्या लोकांनी यावरून माझी भरपूर टिंगल केली, ती मी ऐकून घेतली.

मध्यंतरी घोडीला नवीन शिंगरू झालं. बाप तपासलेला, साफ. शिंगरू तांबडं, कपाळावर पांढरा टिळा. विहीणबाई बघायला तबेल्यात आल्या. त्यांनी त्याच्या मानेवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "याचीही केसांची तपासणी..." आणि थांबल्या. माझ्याकडे बघितलं.

माझ्यासमोर त्या अजूनही वाक्याच्या मध्ये अशा थांबतात. इतर कुणाशी बोलताना थांबत नाहीत, मी लक्ष ठेवून पाहिलंय.

"बोला ना," मी म्हणालो आणि त्या बोलेपर्यंत वाट बघत उभा राहिलो.